रक्त पुसणारा नायक

खून झाला की पोलीस येतात, फोटो काढतात, पंचनामा करतात, प्रेत शवविच्छेदनाला पाठवतात. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते, पुढे खटला उभा राहतो. पण फरशीवरचे रक्त कोण पुसतो? हा प्रश्न ना बातमीदाराला पडतो, ना रहस्यकथा लिहिणाऱ्याला. आमच्या वाचकांना मात्र तो पडल्यावाचून राहणार नाही. कारण या देशात असल्या प्रश्नांची उत्तरे कोणत्या वस्तीत राहतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

ब्रिटनमध्ये हे काम खाजगी सफाई कंपन्या करतात. पोलिसांचा तपास आटोपला की घर ज्याचे त्याच्या ताब्यात जाते. मग अंगभर संरक्षक पोशाख, हातमोजे, मास्क आणि रसायनांचे डबे घेऊन एक माणूस दारात उभा राहतो. अशाच एका माणसाला नायक करून बीबीसीने सप्टेंबर २०२१ मध्ये 'द क्लीनर' ही विनोदी मालिका सुरू केली. नायकाचे नाव पॉल विकस्टेड. सगळे त्याला विकी म्हणतात. भूमिका ग्रेग डेव्हिस या धिप्पाड नटाची, आणि लेखनातही तोच. नट होण्याआधी हा गृहस्थ तेरा वर्षे शाळेत मास्तर होता. पोरांसमोर रोज उभे राहिलेल्या माणसाला हसवायचे कसे, ते वेगळे शिकवावे लागत नसावे.

खरे सांगायचे तर आम्ही ही मालिका पाहायला बसलो ते संशय मनात धरूनच. सफाई कामगार आणि विनोद हे दोन शब्द जवळ आले की आमच्या कपाळावर आठी उमटते. आमच्याकडच्या पडद्यावर झाडूवाला येतो तो एक तर हशा पिकवायला, नाही तर मालकाच्या दयाळूपणाचे प्रमाणपत्र व्हायला. इथेही तेच असेल, फक्त गोरे असेल, असे आम्ही गृहीत धरले होते.

तसे निघाले नाही. पहिल्याच भागात नवऱ्याला भोसकून मारणारी बाई, विकी तिथे रक्त पुसत असतानाच, घरी परत येते. ही भूमिका हेलेना बोनहॅम कार्टर या नामवंत अभिनेत्रीने केली आहे. एक खुनी, एक सफाईवाला आणि मध्ये रक्ताने माखलेली खोली. विकीला घाई आहे ती त्याच्या पबमधल्या 'करी नाइट'ला पोहोचण्याची. (आपल्या उपखंडातून गेलेला रस्सा इंग्रज कामगाराच्या आठवड्याचा सण होऊन बसला आहे, हे जाता जाता.) दोघे बोलत राहतात. एका भागात डेव्हिड मिचेलने रंगवलेला लेखक आहे. त्याला लिहायला शांतता हवी आणि साफसफाईचा आवाज सोसवत नाही. साहित्यिकांची ही जात आम्हाला परिचयाची आहे! माणसाच्या दुःखावर लिहायचे आणि दारातल्या माणसाने बादली आपटली की संतापायचे.

विकी हा संत नाही, क्रांतिकारक तर नाहीच. बडबड्या, बिअरचा शौकीन, नको तिथे नाक खुपसणारा. त्याच्या कामात घाण आहे, पण ती घाण त्याच्या अंगाला जन्मभर चिकटत नाही. पोशाख उतरवला की तो पबमधला एक गिऱ्हाईक. त्याच्या बापाला, आज्याला आणि उद्या त्याच्या पोराला याच कामावर हजर व्हावे लागेल, असे कोणतेही शास्त्र तिथे लिहिलेले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. विकीचा धंदा पाहताना तो फरक डोळ्यांना दिसतो.

कल्पना मूळची जर्मन. तिथली 'डेअर टाटऑर्टरायनिगर' ही मालिका २०११ ते २०१८ चालली. इन्ग्रिड लाउझुंड या लेखिकेने ती मित्सी मेयर या टोपणनावाने लिहिली. तिच्या एका भागात सफाईवाला शॉटी कामासाठी जातो तो नवनाझींच्या अड्ड्यात. भिंतीवर हिटलरच्या काळाच्या खुणा जपलेल्या, आणि हा साधा माणूस त्यांच्यात फडके घेऊन उभा. काय पुसायचे, काय ठेवायचे, हा प्रश्न तिथे नुसता रक्ताच्या डागापुरता राहत नाही. आमच्या मते ब्रिटिश मालिका या उंचीला क्वचितच पोहोचते. ती माणसांच्या विक्षिप्तपणावर जास्त रमते.

आता आपल्याकडचा पडदा पाहा. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या २०१४ च्या चित्रपटात मॅनहोलमध्ये मेलेला कामगार आहे. त्याच्या मरणाचा ठपका लोकशाहिराच्या गाण्यावर ठेवला जातो. शाहीर झाले होते नागपूरचे आपले वीरा साथीदार. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. त्या चित्रपटात कामगार आपल्याला एकदाही दिसत नाही. त्याची बायको साक्ष देते तेव्हा कळते की विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. खाली उतरण्याआधी तो झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा. झुरळे जिवंत, म्हणजे आपणही वाचू. ब्रिटिश सफाईवाल्याला करी नाइट चुकण्याची चिंता आणि आमच्याला झुरळांची. चित्रपट खोटा नाही. म्हणूनच आमच्या सफाईवाल्याला नायक व्हायला आधी जिवंत राहावे लागेल. मैला हाताने उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ चा, त्याहून कडक दुसरा २०१३ चा. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख, तर २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे उतरतच आहेत.

तिकडे सगळे आलबेल आहे असेही कोणी समजू नये. ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून बाबासाहेबांनी १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळवली, तिथलेच सफाई कामगार २०१७ मध्ये संपावर गेले. बहुतेक स्थलांतरित, ठेकेदाराकडून राबणारे. आजारपणाची रजा, सुट्ट्या आणि पेन्शन संस्थेच्या इतर नोकरांसारखी द्या, एवढीच मागणी. संस्थेला नमावे लागले आणि तिने त्यांना स्वतःच्या नोकरीत घेतले. बीबीसीने त्यांच्यावर विनोदी मालिका काढली तर आम्ही ती पहिल्या दिवशी पाहू.