नाताळची गोष्ट: ऐकलेली आणि लिहिलेली

डिसेंबर लागला की भुसावळ, जळगाव, धुळ्यातल्या ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या लागतात, फराळाची ताटं शेजारीपाजारी जातात, आणि रिकाम्या ताटांबरोबर प्रश्न परत येतात. काही प्रश्न गोष्टीबद्दल असतात, काही आम्हा ख्रिस्ती माणसांबद्दल. दोन्हींमध्ये ऐकीव माहितीच फार, आणि ती पसरवण्यात आमच्या नाताळच्या नाटुकल्यांचाही हात आहे.

मुळात लिहिलंय काय? बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी येशूच्या जन्माची हकिकत फक्त दोनांत आहे, मत्तय आणि लूक यांच्या. मत्तय सांगतो ते मागी लोक, तारा, हेरोद राजा आणि मिसर देशात केलेलं पलायन. लूक सांगतो ती नावनोंदणी, गव्हाण आणि मेंढपाळ. देखाव्यात आपण या सगळ्यांना एकाच रात्री एकाच छपराखाली उभं करतो.

“तीन राजे आले होते.” मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, आकडाही देत नाही. ते पूर्वेकडून आलेले, तारे पाहणारे जाणते लोक. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसंही तीन झाली. शिवाय ते आले ते घरात, आणि हेरोदाने दोन वर्षांपर्यंतच्या मुलग्यांना मारायचा हुकूम सोडला. त्यावरून जन्माला बरेच दिवस उलटून गेले असावेत.

“सराईवाल्याने हाकललं, म्हणून गोठ्यात जन्म झाला.” हा सराईवाला आमच्या नाटुकल्यातला आवडता खलनायक. लूकच्या मजकुरात मात्र तो नाही. गाढव नाही, बैल नाही, गोठा हा शब्दही नाही. आहे ती फक्त गव्हाण, आणि उतरायच्या जागी येशूच्या आईला आणि योसेफाला ठाव नव्हता एवढं एक वाक्य. बैल-गाढव पुढे आले ते यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून, आणि जिवंत जनावरांसह देखावा मांडायची चाल रूढ झाली ती असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी तो मांडल्यावर.

मग गव्हाण कुठली? त्या काळच्या पॅलेस्टाइनमधल्या साध्या घरात रात्री जनावरं आतच बांधत. दाराजवळच्या सखल भागात गुरं, थोडं वर माणसं, आणि मधे गव्हाण. जन्म झाला ते बेथलेहेम हे योसेफाच्या पूर्वजांचं गाव. पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, म्हणून घरच्यांनी त्यांना आपल्यातच सामावून घेतलं, असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं. खानदेशातली जुनी धाब्याची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. पुढच्या खणात बैलजोडी, जोतं चढलं की माणसं. लग्नसराईत घर भरलं की बाळंतिणीला मिळेल तो उबदार कोपरा. या वाचनाने गोष्टीतली गरिबी कमी होत नाही. हाकलून दिलेल्या जोडप्याच्या जागी गर्दीच्या घरात सामावून घेतलेलं जोडपं येतं, आणि देव माणसांच्या ऐन पसाऱ्यात जन्मला हे मला अधिक खरं वाटतं.

मेंढपाळांचंही तसंच. चित्रात ते झुळझुळीत झगे घालून उभे असतात. धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे, ठेलारी मेंढपाळांचे कळप ज्याने पाहिलेत त्याला खरी कल्पना येते. पावसाळा सरला की बिऱ्हाड पाठीशी घेऊन गावोगाव फिरायचं. खतासाठी शेतकरी रानात मेंढ्या बसवतो, रात्रभर कुत्री जागी आणि माणसंही, कारण कोल्हा-लांडग्याचं भय. लूक सांगतो ते असेच लोक: रात्रीची राखण करणारे, अंगाला मेंढरांचा वास येणारे. जन्माची पहिली वर्दी राजवाड्यात गेली नाही, मंदिरातही गेली नाही, ती यांना मिळाली. माझ्या विश्वासाचा गाभा इथे आहे. देव मला भेटायला आला तेव्हा मी नीट आवरून बसायची वाट त्याने पाहिली नाही.

तारखेचं थोडक्यात. २५ डिसेंबर बायबलमध्ये नाही. या तारखेची सर्वांत जुनी ठळक नोंद रोममधली, इ.स. ३३६ची. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करतं. आणि लाल डगल्यातला सांताक्लॉज या गोष्टीत कुठेच नाही. त्याचं मूळ चौथ्या शतकातल्या मायरा गावच्या बिशप निकोलसपर्यंत जातं.

“हा इंग्रजांचा धर्म.” येशू आशियातला, ज्यू आईच्या पोटचा. सहाव्या शतकातल्या कॉस्मास नावाच्या प्रवाशाने कल्याणात बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, तेव्हा इंग्रज इथे कुठेच नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज खरे, पण १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचलं ते मराठी ओव्यांत. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे नाताळची गोष्ट मराठीत चारशे वर्षं सांगितली जातेय. पोर्तुगीज अमलात गोव्यात बळजबरीही झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ओवीतली गोष्ट आणि सत्तेची बळजबरी यांना एकच मानू नये.

आता सगळ्यांत मोठा गैरसमज: “ख्रिस्ती माणूस विश्वासाबद्दल बोलला म्हणजे धर्म बदलायला लावणार.” याला खानदेशातलंच उत्तर आहे. १९०७ मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, आणि धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला तिथे ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हाच मुलगा पुढे नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी मुलासारखा राहिला. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले, अभंग आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगणारे. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारे. त्यांच्या घरात विश्वासाची चर्चा रोजची असणार. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घरचं त्यांच्यावरचं प्रेमही आटलं नाही. लक्ष्मीबाईंनी तरी नवऱ्यामागोमाग बाप्तिस्मा कुठे घेतला? त्याच्या बाप्तिस्म्याने त्या आधी उद्ध्वस्त झाल्या होत्या. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने त्यांनी तो घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा, काहीही झाकलेलं नाही.

विश्वास सांगणं आणि धर्म बदलायला लावणं यांत कायदाही फरक करतो. संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा हक्क नाही. आमिष किंवा धाक दाखवून मिळवलेला होकार ख्रिस्तालाही नको आहे, असं मी ख्रिस्ती म्हणून ठामपणे म्हणतो.

त्या मेंढपाळांनी काय केलं ते लूकने लिहिलंय. बाळ पाहिलं, जे ऐकलं ते लोकांना सांगितलं, आणि देवाचं गुणगान करत परतले. तेवढंच मला करायचं असतं. करंज्यांच्या ताटामागून प्रश्न आला तर माझ्यासाठी येशू कोण हे मी आडपडदा न ठेवता सांगतो, आणि लूकचा दुसरा अध्याय वाचायला देतो. जन्माची हकिकत पहिल्या वीस वचनांत संपते. नाताळच्या उपासनेला यायचं का, पुढे काही विचारायचं का, हे शेजाऱ्याने ठरवायचं.