जेंटू लिनक्समधील प्रोफाइलची निवड

नवें बिऱ्हाड थाटणारा गृहस्थ बाजारांत जाण्यापूर्वीं घरांत माणसें किती, येणारे-जाणारे किती, याचा अंदाज घेतो. तो न घेतां खरेदी झाली, तर पैसा जातो आणि अडगळ मात्र उरते. संगणकावर जेंटू लिनक्स बसविणाराला असाच अंदाज आरंभींच घ्यावा लागतो. त्याला तेथें 'प्रोफाइल' म्हणतात.

जेंटूचे जनक डॅनियल रॉबिन्स, तिची १.० ही आवृत्ति २००२ सालीं प्रसिद्ध झाली. इतर बहुतेक लिनक्समध्यें आज्ञावल्या तयार मिळतात. जेंटूंत त्या मुख्यत्वें मूळ स्वरूपांत आणून ज्याच्या त्याच्या यंत्रावरच घडविल्या जातात. कोणती सोय ठेवावी व कोणती गाळावी, हें 'यूज फ्लॅग' नांवाच्या खुणांनीं ठरतें. अशा शेंकडों खुणा एकेक करून कोण ठरविणार? म्हणून त्यांची प्रारंभिक मांडणी, घडणीचे नियम आणि अत्यावश्यक पॅकेजांची यादी यांचा जो सिद्ध संच असतो, तेंच प्रोफाइल. 'ईसिलेक्ट प्रोफाइल लिस्ट' ही आज्ञा दिली कीं सर्व संचांची क्रमवार यादी दिसते व चालू संचापुढें तारका असते. सध्यांची २३.० ही मालिका मार्च २०२४ मध्यें उपलब्ध झाली.

नवशिक्याची पहिली चूक येथेंच होते. 'ग्नोम' किंवा 'प्लाझ्मा' हें नांव पाहून, तें निवडलें कीं तो पडदा आपोआप हजर होईल, असें त्यास वाटतें. तसें होत नाहीं. प्रोफाइल केवळ त्या पडद्यास अनुकूल अशा खुणा लावून ठेवतें. तो बसविण्याचें काम निराळें उरतेंच. ग्नोम वा प्लाझ्मा न वापरणाऱ्या घरगुती यंत्रास साधें 'डेस्कटॉप' पुरतें, आणि पडद्यावांचून चालणाऱ्या सर्व्हरला त्याहूनहि साधें.

याहून मोठी दक्षता दोन ठिकाणीं घ्यावी. नांवांत 'सिस्टिमडी' असेल, तर सुरुवातीला उतरवून घेतलेला 'स्टेज ३' संचहि सिस्टिमडीचाच हवा. तो शब्द नसेल, तर ओपनआरसीचा. दुसरें 'नो-मल्टिलिब': त्यांत ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालत नाहींत, जुने खेळ व कांहीं तयार आज्ञावल्या बंद पडतात, आणि तेथून परत फिरणें फार अवघड असतें.

'डेस्कटॉप'वरून 'प्लाझ्मा'वर जाणें हें मात्र सोपें. कांहीं पॅकेजें पुन्हा घडवावीं लागतात, त्यांत यंत्राचे कांहीं तास जातात, एवढेंच. म्हणून ज्या निवडी मागें घेतां येतात, त्यांच्यासाठीं फार काथ्याकूट करूं नये. ज्या येत नाहींत, त्या यंत्र रिकामें असतांनाच कागदावर लिहून ठरवाव्या. घरांतील कामाच्या फाइली एकदां त्यावर चढल्या, म्हणजे पाया उकरण्याची हिंमत कोणास होत नाहीं.