सडपातळ अंगातला मधुमेह

मधुमेह म्हणजे खात्यापित्या घरातल्या, पोट सुटलेल्या माणसाचा आजार, हा समज भारतात अजून गेलेला नाही. १९७० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत शहरांत शंभरातल्या जेमतेम दोघांना मधुमेह आढळला होता. खेड्यांत त्याहून कमी. परिषदेच्याच पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के निघाले. सुधारलेल्या राज्यांतल्या शहरांत तर सधनांपेक्षा गरिबांमध्ये मधुमेह जास्त आढळू लागला आहे, आणि ही सर्वांत काळजीची बाब आहे. आयुष्यभर गोळ्या-तपासण्यांचा खर्च ज्यांना झेपणारा नाही, त्यांच्याच घरात हा आजार शिरतो आहे.

बैठे काम आणि बदललेले खाणे ही कारणे खरीच. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात; भात, पोळी आणि वर गोड चहा. डाळ-उसळीचा वाटा मात्र अपुरा. पण एवढ्याने सडपातळ माणसाची शुगर का वाढते, हे कळत नाही.

त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली त्यांचे आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. मात्र शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. रक्तातली साखर मुख्यतः स्नायू वापरतात. ते कमी आणि पोटात, यकृताभोवती चरबी जास्त असली, की इन्सुलिनचा प्रभाव उणावतो. म्हणूनच भारतीयांमध्ये कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे गेला, की धोका मानतात.

ही ठेवण जन्माआधीच घडू लागते. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास याज्ञिकांनी १९९३ मध्ये सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू रोड होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बऱ्याच मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट हे दुसरे ब जीवनसत्त्व भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे दिसली. आईच्या पोटात अर्धपोटी वाढलेले असे शरीर पुढे शहरात आले, खुर्चीत बसले, वडापाव-बिस्किटांवर पोसले गेले, की साखरेचा भार त्याला पेलत नाही.

त्यामुळे मधुमेहासाठी तिशीनंतर होणारी सरकारी तपासणी गरजेची असली, तरी ती उशिराची पायरी ठरते. म्हणूनच पुण्याजवळच्या याच गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना, ते आईबाप होण्याच्या कितीतरी आधी, बी-१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला; त्यांच्या पुढच्या पिढीचीही पाहणी त्यात होते.