विंचू आणि हृदयाचा ताल

‘काळजाचा ठोका चुकला’ हे आपण कथा-कादंबऱ्यांतून इतक्यांदा वाचतो की तो निव्वळ अलंकार वाटू लागतो. पण ठोका खरोखरच चुकतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो मिनिटाला ६० ते १०० वेळा सूक्ष्म विद्युत्‌संदेश सोडतो व त्या तालावर सारे हृदय आकुंचन पावते. मज्जातंतूंचा एक गट हा ताल वाढवतो, दुसरा आवरतो. तोल ढळला की ठोके भरधाव सुटतात, रेंगाळतात, नाहीतर मध्येच एखादा आगंतुक ठोका पडतो.

कारणे पुष्कळ आहेत. सांधेज्वराने बिघडलेली झडप, थायरॉईडचा अतिरेक, रक्तातील पोटॅशियमची घट. मला सांगायचे आहे ते आपल्या कोकणातले, गडग्यात आणि चिऱ्यांच्या ढिगात दडून बसणारे कारण: तांबडा विंचू.

त्याचे विष मज्जातंतूंतील सोडियमची दारे उघडी ठेवते. आधी आवरणारे तंतू चेकाळतात. ओकारी होते, दरदरून घाम सुटतो, नाडी मंदावते. मागोमाग रक्तात अ‍ॅड्रिनलीनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, नाडी धावत सुटते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचते. मूळचे धडधाकट हृदय असे काही तासांत हतबल होते.

रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण उशाशी बसून पाहिले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करते. तिने रुग्ण वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात दिसले.

आमच्या वाडीतले एक आजोबा विंचू उतरवत. “कळ थांबली ना?” हाच त्यांचा पुरावा. पण ज्याला नुसतीच असह्य कळ लागते, तो बहुधा बचावतो. विष अंगात भिनलेल्याला कळ पुष्कळदा कमीच असते. त्यामुळे मंत्राला यश येते ते नेमके जिथे धोका नसतो तिथे! कळ थांबली तरी कपाळावर घाम आणि हाताला गारवा असेल, तर अंगाऱ्यात वेळ न दवडता गाडी काढावी आणि दवाखाना गाठावा.