चिल्लरीला बट्टा कशाला?



आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या, वांगी, अंडी विकणाऱ्या किंवा दुधाचा रतीब घालणाऱ्या घरात चिल्लरीचे एखादे गाडगे नाहीतर पत्र्याचा डबा असतोच. बहुधा तो घरातील बाईचा असतो. डबा भरला की प्रश्न पडतो, एवढी नाणी न्यायची कोठे? अशा वेळी कोणीतरी म्हणतो, "शेकडा दहा कापून नोटा देतो." मोजण्याचा त्रास वाचला म्हणून आपण रुकार देऊन मोकळे होतो.

जरा हिशेब करा. डब्यात 3,000 रुपये असतील, तर शेकडा 10 प्रमाणे 300 रुपये गेले. जुडीला 10 रुपये भाव धरला, तर 30 जुड्या फुकट दिल्यासारख्या झाल्या. त्यांचे बी, पाणी, खुरपणी आणि काढणी मात्र आपलीच. एका संध्याकाळच्या मोजणीने हे पैसे वाचतात.

कोणती नाणी चालतात?

1, 2, 5, 10 आणि 20 रुपयांची नाणी चलनात आहेत. 10 रुपयांचे नाणे बंद झाले, ही अफवा आहे. त्याचे निरनिराळे नमुने निघाले असून ते सर्व ग्राह्य आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने 2018 साली केला. 50 पैशांचे नाणेही कायद्याने चालते. 25 पैसे व त्याखालील नाणी मात्र 30 जून 2011 पासून बंद झाली. ती वेगळी काढावीत.

नाणे कायदा, 2011 प्रमाणे एक रुपया व त्यावरील नाण्यांनी एका वेळी 1,000 रुपयांपर्यंतचे देणे फेडता येते. 50 पैशांच्या नाण्यांनी ही मर्यादा 10 रुपयांची आहे. बँकेत भरणा करण्यास ही मर्यादा लागू नाही.

बियाण्याप्रमाणे निवड करा

पेरणीपूर्वी आपण बी निवडतो, तशी नाणी निवडावीत. प्रथम किमतीप्रमाणे ढीग करा. दहा-दहाच्या चवडी लावा आणि दहा चवडी झाल्या की 100 नाण्यांची एक पिशवी बांधा. रुपयाची पिशवी 100 ची, दोनची 200 ची, पाचची 500 ची व दहाची 1,000 रुपयांची होते. पिशवीत चिठ्ठी घाला. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे काम द्यावे, त्यांचे पाढेही पक्के होतात.

घरच्या काट्यावर तोलून हिशेब करू नये. जुना मोठा रुपया आणि 2011 नंतरचा लहान रुपया यांच्या वजनात फरक आहे. नाणी खताच्या रिकाम्या गोणीत किंवा मिठाच्या बरणीत ठेवू नयेत, ती गंजतात.

बँकेत जाताना

बँकेच्या कोणत्याही शाखेने काउंटरवर आणलेली नाणी नाकारू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. शंभर-शंभरच्या पिशव्या रोखपालालाही सोयीच्या पडतात. बाजाराचा दिवस व महिन्याचे पहिले दिवस टाळावेत.

काही बँका ठरावीक रकमेपुढील नाण्यांच्या भरण्यावर आकार घेतात. म्हणून पिशव्या देण्याआधी विचारा, "किती रकमेपर्यंत आकार नाही?" तेवढीच रक्कम भरावी, उरलेली पुढच्या वेळी न्यावी. डबा वर्षभर साठवण्यापेक्षा दर महिन्याला रिकामा करणे यासाठीच चांगले.

नाणी घेण्यास नकार मिळाला, तर भांडू नये. शाखाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते.

बँकेविना मार्ग

ज्याला मोड हवी असते, तोच चिल्लरीचा खरा गिऱ्हाईक. किराणा दुकानदार, पिठाची गिरणी, चहाचे हॉटेल, एस.टी.चा वाहक या सर्वांना सुट्या पैशांची नड असते. शंभराची बांधलेली पिशवी दुकानदाराला दाखवा आणि पुरी नोट मागा. तो त्याच वेळी मोजून घेईल. बाजाराला जाताना थोडी मोड स्वतःजवळही ठेवावी. दोन रुपये सुटे नाहीत म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही, की दोन रुपये सोडावेही लागत नाहीत.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. ही चिल्लर ज्या माउलीने डोक्यावर पाटी वाहून मिळवली, तिच्याच नावाच्या बचत खात्यात ती जमा करावी. खाते नसेल तर याच निमित्ताने काढावे. अडीअडचणीला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना किंवा पुढच्या हंगामाच्या बियाण्याला तो पैसा हाताशी राहील. या रविवारी डबा उतरवा आणि घरातल्या सर्वांनी मिळून मोजायला बसा.