घरातील बंदूक आणि तिची तिजोरी

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या भोवतालच्या गावांत पहिल्या पाळीची माणसे कामावर निघून गेली, की घरांत उरतात ती बहुधा दोन वयांची माणसे: आजी-आजोबा आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याच भरवशावर असलेली नातवंडे. यांपैकी काही घरांत परवान्याची बंदूक असते. राधानगरी, आजरा, चंदगड या भागांत रानडुकरे आणि गवे उभे पीक तुडवतात, म्हणून कोण्या काळी घेतलेली बारा बोअरची दुनळी किंवा त्याहून जुनी ठासणीची बंदूक घराण्यात चालत आलेली असते. सैन्यातून निवृत्त होऊन बँकेत किंवा कारखान्यात सुरक्षारक्षक झालेल्या आबांची स्वतःच्या नावावरची बंदूक असते. शिवाय हा तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांचा जिल्हा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून नेमबाजीची ओढ असलेल्या मुलांच्या घरांत एअर रायफल येऊ लागली, तर त्यात नवल नाही.

आरोग्याच्या पाक्षिकात बंदुकीचे काय काम, असे आपल्याला वाटेल. आपल्या घरी बंदूक असेल, तर ती या क्षणी नेमकी कोठे आहे, हे आधी आठवून पाहा. माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली? गादीखाली? लोखंडी कपाटाच्या मागच्या फटीत? ‘मुलांना ठाऊक नाही’ असे आपण म्हणतो. पण चकलीचा डबा कोठे दडवला आहे हे ज्यांना ठाऊक असते, त्यांना बंदुकीची जागा ठाऊक नसेल, हा समज फार भाबडा आहे. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी ती बाहेर निघते आणि पुन्हा कोठे जाते, हे मुले डोळे भरून पाहत असतात.

मुलांचा धोका चटकन कळतो. वडीलधाऱ्यांचा कळत नाही, आणि कळला तरी त्याविषयी बोलवत नाही. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसाला दिवेलागणीच्या सुमारास अधिक गोंधळल्यासारखे होते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिले असेल. अशा वेळी दारातून आत येणारा स्वतःचा मुलगाही परका, चोर वाटू शकतो. त्या क्षणी हाताशी काठी असली तर एखादे टेंगूळ येईल; भरलेली बंदूक असली तर काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही. याखेरीज मोतीबिंदू, सांधेदुखीने आखडलेली बोटे आणि हाताची थरथर यांमुळे चाळीस वर्षे बिनचूक बंदूक हाताळलेल्या माणसाकडूनही चूक घडते.

दुसरा धोका खिन्नतेचा. जोडीदार गेल्यावर, दीर्घ आजारात किंवा आपण घराला भार झालो आहोत या भावनेत जीव नकोसा होतो. असा विचार तीव्रतेने येतो तेव्हा त्याची लाट बहुधा थोडा काळच टिकते. तेवढ्या वेळात घातक साधन हाती लागले नाही, तर माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये आठवडाअखेरच्या सुटीत सैनिकांनी शस्त्र घरी न नेता छावणीतच ठेवावे असा नियम केला आणि तरुण सैनिकांतील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. त्यांच्या मनातील दुःख नियमाने नाहीसे झाले नव्हते. फक्त साधन आणि क्षण यांच्यामध्ये अंतर पडले होते. कुलपाचे कामही तेच. शेतकऱ्याच्या घरात बंदुकीहून फवारणीच्या औषधाची बाटली अधिक वेळा हाताशी असते, तेव्हा हाच न्याय तिलाही लावावा. घरात कोणी निरवानिरवीची भाषा बोलू लागले असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

आता तिजोरीकडे वळू. नेहमीच्या लोखंडी कपाटातील लॉकरमध्ये बंदूक मावत नाही. दुनळीची लांबी पावणेचार ते चार फूट असते. तिची नळी आणि दस्ता सुटे करता येतात, तेव्हा ते दोन भाग वेगळ्या कुलपांत ठेवण्याचा एक सोपा मार्ग आहे. पण मुद्दाम बनविलेली उंच, अरुंद पोलादी तिजोरी सर्वांत बरी. तयार मिळाली तर उत्तम. नाही तर आपल्या भागात चांगल्या फॅब्रिकेशनवाल्यांची उणीव नाही. पत्रा तीन मिलिमीटरपेक्षा पातळ नसावा, दार त्याहून जाड असावे, बिजागऱ्या आतल्या बाजूस असाव्यात आणि काडतुसांसाठी आत स्वतंत्र किल्लीचा कप्पा असावा. तळाला चार भोके आधीच पाडून घ्यावीत. अशी तिजोरी साधारण साठ-सत्तर किलोंची होते आणि येथेच पुष्कळ जण फसतात. ‘जड आहे, कोण उचलणार?’ दोन धडधाकट माणसे ती उचलून टेम्पोत टाकतात, आणि मग घरफोड्याच्या हाती बंदूक जाते तीही पेटीसकट. शिवाय जमिनीला न जखडलेली उंच तिजोरी दार उघडताना पुढे कलंडू शकते, आणि तिच्यासमोर उभी असतात ती सत्तरी ओलांडलेली माणसे. म्हणून तिजोरी बोल्टने जखडलेलीच असली पाहिजे.

कशाला जखडायची, हे घर कशाचे आहे यावर ठरते. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब किंवा कोबा असेल तर काम सरळ आहे: तिजोरी जागेवर ठेवून तळाच्या भोकांतून खुणा करायच्या, हॅमर ड्रिलने भोके पाडायची, त्यांतील भुकटी फुंकून पूर्ण काढायची आणि दहा किंवा बारा मिलिमीटरचे अँकर फास्टनर आतून आवळायचे. भुकटी राहिली तर फास्टनर धरत नाही. घाईच्या कामात हीच कसूर राहते. वरच्या मजल्यावर स्लॅबची जाडी पाच इंचांच्या आसपासच असते, म्हणून भोक तीन इंचांपलीकडे नेऊ नये. ड्रिलला सळई लागली तर जोर न करता भोकाची जागा बदलावी. फरशीखालून नळ किंवा विजेची तार गेली आहे का, हे आधी विचारून घ्यावे. हलक्या फुग्याच्या विटांच्या किंवा पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीवर विसंबू नये. तेथे बोल्ट बसल्यासारखा वाटतो आणि पहारीच्या एका हिसक्याने निघतो.

गावातील जुनी घरे मात्र मातीच्या भिंतींची, खाली मुरूम आणि वर शहाबादी फरशी. तेथे फास्टनर निरुपयोगी. येथे वसाहतीत काम करणाऱ्या मुलाचे किंवा जावयाचे ज्ञान उपयोगी पडते, कारण कारखान्यात यंत्र ज्या रीतीने पायावर बसवितात, तीच रीत येथे लागू आहे. कोपऱ्यातील फरशी उचलून दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्यावा. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असे काँक्रीट भरून त्यात चार फाउंडेशन बोल्ट तिजोरीच्या भोकांच्या मापाने उभे करावेत. माप चुकू नये म्हणून प्लायवूडचा साचा वापरावा. किमान सात दिवस पाणी मारावे आणि तोवर नट आवळण्याचा मोह टाळावा. एवढ्या पायाचे वजनच अडीचशे किलोंहून अधिक भरते. लाकडी माळ्यावर तिजोरी चढवू नये.

जागा निवडताना दाराची उघडणारी, कुलपाची बाजू भिंतीलगत येईल असा कोपरा पाहावा, म्हणजे पहार घालायला वाव उरत नाही. न्हाणीघराला लागून असलेली भिंत ओलीमुळे आणि स्वयंपाकघर उष्णता व सिलिंडर यांमुळे टाळावे. पंचगंगा, दूधगंगा किंवा वेदगंगेच्या काठी घर असेल तर २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवून पायाची उंची ठरवावी. आपल्याकडचा पावसाळा लोखंडाला मुळीच मानवत नाही. बंदूक कापडी किंवा चामडी म्यानात गुंडाळून तिजोरीत ठेवली तर म्यान ओल शोषते आणि नळीला गंज चढतो. ती पुसून, तेलाचा हलका हात देऊन, मोकळीच ठेवावी. सिलिका जेलच्या पिशव्या आत ठेवून अधूनमधून सुकवून घ्याव्यात. बंदूक पुसल्यावर साबणाने हात धुवावेत. छऱ्यातील शिसे नळीत आणि हातावर राहते. म्हणून हे काम जेवणाच्या ओट्यावर नको.

कुलूप कोणते? बोटांच्या ठशाचे कुलूप आकर्षक दिसते, पण हयातीच्या दाखल्यासाठी किंवा रेशनच्या दुकानात ज्यांचा अंगठा तीन-तीनदा उमटत नाही, त्यांनी त्याच्या नादी लागू नये. वयाने आणि कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात. आकड्यांचे कुलूप सोयीचे आहे. मात्र आकडा जन्मतारखेचा नको, दाराच्या चौकटीवर लिहिलेला नको आणि बॅटरी वर्षातून एकदा बदललेली असावी. मला विचाराल तर जाड किल्लीचे जुने कुलूप अजूनही बरे. ही किल्ली घराच्या जुडग्यात ओवू नये आणि देवाच्या तसबिरीमागेही ठेवू नये. तेथे तर सगळेच पाहतात.

तिजोरीत जाणारी बंदूक रिकामी असली पाहिजे. नळीचे तोंड माणसांपासून दूर धरून, दुनळी मोडून, दोन्ही नळ्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि नजर अधू असेल तर बोटानेही चाचपाव्यात. ठासणीच्या बंदुकीचे तसे नाही. ती भरलेली आहे की नाही हे वरून कळत नाही. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली अशी बंदूक सापडली, तर ती भरलेलीच आहे असे धरून चालावे, स्वतः ठासणी घालून पाहू नये आणि पोलीस ठाण्याला कळवून जाणत्या कारागिराकडूनच तपासून घ्यावी. एअर रायफलही कुलपातच हवी. तिचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

कायद्याचेही थोडे पाहू, कारण काळजी घेणारी मुले नकळत येथेच गुन्हा करून बसतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगण्याचा अधिकार परवाना ज्याच्या नावावर आहे त्याचाच. ‘आबांना आता काही आठवत नाही’ म्हणून ती उचलून मळ्यातल्या खोपीत किंवा मेहुण्याकडे नेऊन ठेवणे बेकायदेशीर आहे. दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी दुसऱ्या कोणी ती न्यायची असेल, तर परवानाधारक सोबत हवा किंवा त्याची लेखी परवानगी हवी. परवानाधारकाचे निधन झाले, तर विलंब न लावता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. बाराव्या-तेराव्यानंतर पाहू, असे म्हणत वर्ष काढू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनपेक्षा अधिक बंदुका बाळगता येत नाहीत, आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

याच नियमांत ज्येष्ठांच्या मानाची एक वाट आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षे झाली, यांतले जे आधी घडेल तेव्हा, तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाचे नाव सुचवू शकतो. वारसाला स्वतःचा परवाना मिळवावा लागतो. त्याच्या अर्जासोबत शारीरिक व मानसिक प्रकृतीचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमीही लागते. जखडलेली तिजोरी असली, म्हणजे ही हमी केवळ कागदावरची राहत नाही.

हे बोलणे वडिलांपाशी काढायचे कसे? बंदूक ही त्यांची नोकरी, त्यांचा रुबाब, त्यांच्या वडिलांची आठवण असते. ते झोपले असताना तिजोरीचे कुलूप बदलू नये; विश्वास एकदा तुटला की मग औषधाची गोळीही ते आपल्या हातून घेत नाहीत. ‘आबा, आता बंदूक द्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘आबा, तुमच्यामागे ही कोणाच्या नावावर करायची, तुम्हीच ठरवा’ असे म्हणावे. विसरण्याची पहिली लक्षणे दिसू लागली, की लगेच हे बोलावे. सही करण्याइतके भान आहे तोवर निर्णय त्यांचा राहतो. भावाबहिणींचे एकमत आधी करून घ्यावे, नाही तर परवान्याच्या निमित्ताने वाटणीचे जुने भांडण वर येते. वारसाला नको असेल तर शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ती रीतसर जमा करून पावती घ्यावी आणि पावती आबांच्याच हाती द्यावी. रिकाम्या झालेल्या तिजोरीत सातबारा, विम्याची कागदपत्रे आणि दागिने ठेवता येतात. फवारणीची औषधे मात्र तेथे नकोत. ती राहत्या घराबाहेर, स्वतंत्र कुलपात असावीत.