भारुडातील विनोद आणि नीतिबोध : एक भाषिक विचार

इंग्रजी रंगभूमीच्या आरंभकाळातील नीतिनाटकांचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतून दीर्घकाळ होत आला आहे. आपल्या दारच्या भारुडाकडे मात्र नाट्य म्हणून पाहण्याची सवय आपणांस अद्याप नीटशी जडलेली नाही. वस्तुतः दोहोंपुढील प्रश्न एकच होता : जमलेल्या समुदायाला हसविता हसविता शहाणपण सांगावे कसे? दोन्हीकडे मिळालेली उत्तरे भिन्न आहेत, आणि तो भेद मुख्यतः भाषेच्या योजनेचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

इंग्रजीतील उदाहरण म्हणून ‘मॅनकाइंड’ हे नाटक घेऊ. त्याचा काळ सामान्यतः १४६५ ते १४७० च्या सुमाराचा मानला जातो. नाटकाच्या प्रारंभी ‘मर्सी’ म्हणजे दया हे पात्र लॅटिनप्रचुर इंग्रजीत उपदेश करू लागते. तोच ‘मिस्चिफ’ नावाचा खोडकर मध्येच घुसून त्या भारदस्त शब्दांची नक्कल करतो; मागाहून आलेले त्याचे सोबतीही त्या बोलण्याची टवाळी करतात. ही मंडळी प्रेक्षकांना एका अश्लील गाण्यात सामील करून घेतात, आणि टिटिव्हिलस हा सैतान रंगभूमीवर येण्यापूर्वी त्यांच्याकडून पैसेही गोळा करतात. सैतान पाहण्यासाठी प्रेक्षक स्वतःच्या कनवटीचे नाणे काढतो, ही योजना मोठी मार्मिक आहे. तथापि येथे शहाणपण एका तोंडी आणि विनोद दुसऱ्या तोंडी अशी वाटणी झालेली आहे. विनोद हा प्रेक्षकाला घातलेला मोह आहे. त्यातून सावरून त्याने दयेकडे परतावे, अशी अपेक्षा आहे. पुढे ‘व्हाइस’ या नावाने रूढ झालेले खट्याळ पात्र याच वळणाचे.

पैठणच्या एकनाथांनी (निधन १५९९) ही वाटणीच नाकारली. रोडग्याचे सुप्रसिद्ध भारूड पाहावे. सासुरवासाने गांजलेली सून भवानीला नवस बोलते : सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर, नवरा यांची एकेक करून वाट लाव, म्हणजे तुला रोडगा वाहीन. मागणे एवढे मोठे आणि त्याच्या मोबदल्यात निखाऱ्यावर भाजलेली एक जाडीभरडी भाकर! हसू प्रथम येते ते या व्यवहारामुळे. परंतु ऐकणाराचे लक्ष वेधावे असे यात आणखी एक आहे. नवसाची वाक्यरचना, म्हणजे आधी अट आणि मग वचन, कवीने शेवटपर्यंत मोडलेली नाही. सून कोठेही वेदान्त बोलत नाही. अखेरीस ती एकटीच राहू इच्छिते, आणि तेथेच कवीची ‘एका जनार्दनी’ ही मुद्रिका येते. ‘एकली’ आणि ‘एका’ ही दोन पदे शेजारी येताच घरातील एकटेपण हे प्रपंचातून सुटलेल्या जीवाचे एकपण ठरते. विनोद आणि बोध एकाच शब्दावर उभे आहेत. एक काढून घेतला तर दुसराही कोसळतो.

हे साधते याचे कारण असे की, जोशी, वासुदेव, गोंधळी, महार यांपैकी प्रत्येकाची भाषा श्रोत्यांना आधीपासून मुखोद्गत होती. जोशाने भविष्य कसे सांगावे, वासुदेवाने दान कसे मागावे, याचे साचे ठरलेले होते. नाथ साचा तसाच ठेवतात आणि आतला ऐवज पालटतात. भोकरसारख्या गावी वाढलेल्या विद्यार्थ्याला हे विशद करून सांगावे लागत नाही. मराठीबरोबर तेलुगू आणि दखनी कानांवर पडत असल्याने बोलण्यावरून माणूस ओळखण्याची सवय त्याला बाळपणापासून असते. नाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’तील दखनी वळणाचे बोलणेही तो चटकन पकडतो.

आमच्या वर्गांतून मात्र भारुडाची कोष्टके होतात : सासरा म्हणजे अमुक, नणंद म्हणजे तमुक. विंचवाच्या भारुडात कवी स्वतःच काम-क्रोधाचे नाव घेतो, म्हणून तेथे टीकाकारास बोल लावता येत नाही. रोडग्याच्या बाबतीत मात्र असे कोष्टक म्हणजे उखाण्याचे उत्तर आधीच सांगून टाकणे होय. सप्ताहात भारूड करणारा कलावंत लुगडे नेसून, कपाळी मळवट भरून उभा राहतो तेव्हा त्याला ही चूक परवडत नाही. समुदाय हसला नाही तर पुढचा बोधही पोचत नाही, हे त्याला ठाऊक असते. सिल्लोड तालुक्यातील निरंजन भाकरे (निधन २०२१) यांनी तर हीच रीत व्यसनमुक्तीच्या प्रचारासाठी वापरली.

एका ठिकाणी मात्र ही सारी मांडणी अडखळते. नाथांच्या ‘जोहारा’त महार बोलतो. देह हा गाव कल्पून तो त्या गावच्या कारभाराची आणि थकलेल्या बाकीची वर्दी देतो. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते, तेव्हा हिशेबठिशेबाची ही परिभाषा नाथांच्या परिचयाची असणे स्वाभाविकच होय. चोखामेळ्याच्या नावावरही जोहार आढळतात. ब्राह्मण कवीने ज्ञान महाराच्या मुखी घालून उच्चवर्णीय श्रोत्याला त्याच्यापुढे बसविले, यात धैर्य होते हे निःसंशय. पण जोहार हे अभिवादन लवून, दुरून करावयाचे होते. आंबेडकरी चळवळीने ते टाकले आणि त्याजागी ‘जय भीम’ आले. ज्याच्या पूर्वजांना तो शब्द उच्चारावाच लागला, त्या विद्यार्थ्याला तो साचा म्हणून नव्हे, तर जखम म्हणून आठवतो. साचा ओळखीचा असला की हसू येते, असे वर म्हटले. येथे साचा ओळखीचा असल्यामुळेच हसू येत नाही. म्हणून जोहार शिकविताना मी अर्थाआधी त्या शब्दाचा इतिहास सांगतो, आणि कोणाही विद्यार्थ्याला तो मोठ्याने वाचावयास सांगत नाही.